पाटावर बसण्यापुरती पाठ

माझी कंबर घागर उचलताना गेली, असं आमच्या आळीत सगळे सांगतात. ते खरंच आहे, फक्त घागर रिकामी होती हे कोणी सांगत नाही. भरलेल्या घागरी मी वर्षानुवर्षं विहिरीवरून आणल्या, एक डोक्यावर, एक कमरेवर, आणि त्यांनी मला काही केलं नाही. त्या सकाळी चिंच लावून घासलेली घागर परसात पालथी घातली होती, ती सरळ करायला वाकले आणि कमरेत काहीतरी कट्‌कन झालं. घागर हातातून सुटून परसभर आवाज करत गेली. मी तशीच वाकलेली राहिले. वर येता येईना, खाली बसता येईना. पलीकडच्या परसातून थोरल्या जाऊबाईंनी विचारलं, "काय गं, काय हरवलं?" मी म्हटलं, "कंबर." त्या हसल्या. मीही हसले असते, पण हसायलासुद्धा कंबर लागते, हे तेव्हाच कळलं.

मी तेव्हा नुकती चाळिशी ओलांडली होती. पनवेलला आमच्या घरचे दोघे भाऊ मिळून राहत होते, म्हणजे दोन चुली आणि मधे एक अंगण. थोरले दीर शाळेत मास्तर, हे भाताच्या गिरणीत देखरेखीला. जाऊबाईंना दोन मुलगे, मला एकच मुलगी. जाऊबाई माझ्याहून वयाने मोठ्या, अंगाने मोठ्या आणि आवाजाने तर फारच मोठ्या. पण अडीअडचणीला त्यांच्याइतकं धावून येणारं माणूस मला दुसरं मिळालं नाही. कधीकधी त्या जरा कमी धावून आल्या असत्या तर बरं झालं असतं, असंही वाटतं.

पाठीचं दुखणं हे फार फसवं दुखणं. ताप आला की कपाळाला हात लावून बघता येतं, पाय मोडला की तो सुजतो, दिसतो. माझ्या पाठीवर काही म्हणजे काही दिसत नव्हतं. बघायला येणाऱ्या बायका पाठीवरून हात फिरवायच्या आणि म्हणायच्या, "सूज तर नाही हो." त्या आवाजात एवढीशी निराशा असायची. मग एखादी म्हणायची, "जरा चालाफिरायला लागलात की सुटेल मोकळं." मी डोळे मिटून घ्यायची. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, की बाई गं, मी आजवर चालण्याफिरण्यापलीकडे दुसरं केलंय काय?

आमचा सगळा संसार तेव्हा जमिनीवर होता. चूल जमिनीवर, विळी जमिनीवर, पाटा-वरवंटा जमिनीवर, धुण्याचा दगड जमिनीवर, आणि जेवायची पानंही जमिनीवरच. आता माझ्या स्वयंपाकघरात ओटा आहे आणि उभ्याने भाकरी थापता येते. तेव्हा उभ्याने स्वयंपाक करणारी बाई कोणी पाहिलीही नव्हती. भाताचं पातेलं उतरवायचं तरी वाकायचं, कोणाच्या पाया पडायचं तरी वाकायचं. मी हळूहळू एकेक गोष्ट सोडत गेले. आधी पाणी सोडलं, मग धुणं, मग केर. शेवटी स्वतःची चप्पलसुद्धा माझी मला घालता येईना. आणि मी सोडलेली प्रत्येक गोष्ट माझ्या मुलीने, न बोलता, उचलली.

मी स्वतः उठू शकत नव्हते. बाजेवर टाकलेल्या फळीवर चादर घालून त्यावर झोपायची, आणि सकाळी छताकडे बघत पडून राहायची, ती येईपर्यंत. तिची उठवण्याची एक पद्धत होती. कोणी शिकवली नव्हती, तिची तिने शोधली होती. आधी माझे गुडघे मोडून मला कुशीवर वळवायची. मग पाय खाली सोडायची. मग समोर येऊन दोन्ही हात माझ्या काखेतून पाठीमागे न्यायची आणि म्हणायची, "आता माझ्या गळ्यात पड." ती मला वर ओढायची नाही. नुसती स्वतः मागे झुकायची, की मी आपोआप उभी राहायची. यांनी दोनदा प्रयत्न केला, तर दोन्ही वेळा माझी किंकाळी आळीच्या टोकापर्यंत गेली. चाकं करणाऱ्या सुतारांची ठोकठोक आमच्याकडे दिवसभर चालायची. माझी किंकाळी ऐकून तीही थांबली, असं हे सांगतात. थोडं वाढवूनच सांगत असतील.

शेकून झालं, निर्गुडीचा पाला बांधून झाला, तेलं चोळून झाली. आमच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, गोळ्या दिल्या, मग हात टेकले आणि मुंबईला पाठवलं. एस.टी. मुंब्र्याच्या रस्त्याने ठाण्याला जायची, पुढे आगगाडी. यांनी मला पुढच्या बाकावर, खाली उशी ठेवून बसवलं होतं. उशीने काय होतंय! रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याची खबर मला टाचेपर्यंत पोचत होती. ठाण्याला उतरले तेव्हा माझा पदर तोंडात होता आणि चावून चावून त्याला भोक पडलं होतं.

मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी पाठीचा फोटो काढायला लावला आणि तो उजेडासमोर धरला. दोन मणक्यांच्या मधे गादीसारखी चकती असते, ती झिजली आहे, म्हणाले. खालची दुसरीही त्याच वाटेवर आहे. शीर दाबली जाते, म्हणून कळ पायात उतरते. मी विचारलं, कशाने झालं? ते म्हणाले, वयाने. मी म्हटलं, "माझ्या वयाच्या सगळ्या जणी विहिरीवर पाणी भरताहेत." ते हसून म्हणाले, "त्यांचेही फोटो काढले तर अर्ध्या जणींचं असंच दिसेल." बाकीच्या अर्ध्या जणींचा मला त्या वेळी फार राग आला.

"बरी कधी होईन?" मी विचारलं.

"झिजलेलं भरून येत नाही. सांभाळायचं," ते म्हणाले. "वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, जमिनीवर बसायचं नाही."

मी यांच्याकडे पाहिलं, हे छताकडे बघत होते. या माणसाने माझं सगळं आयुष्य तीन वाक्यांत काढून घेतलं, आणि तेही इतक्या गोड आवाजात, की भांडायलाही जागा ठेवली नाही.

आणखी एक गोष्ट ते म्हणाले. तीन महिने प्लास्टर घाला. छातीपासून कमरेपर्यंत प्लास्टरचं जाकीट, म्हणजे पाठ हलणार नाही आणि आतली सूज बसेल. आणि इथेच आमची गाडी अडली, कारण मुलीचं लग्न ठरलं होतं.

स्थळ नाशिकचं. मुलगा चांगला, माणसं चांगली, फक्त नाशिक लांब. ती मंडळी मुलगी बघायला आली तेव्हा मी पायाला ठेच लागल्याचं सांगून खुर्चीवर बसले होते. वरमाय इतक्या साध्या की त्यांनी ठेचेवर हळद कशी बांधायची तेही मला समजावून सांगितलं. आता त्याच बाईंसमोर प्लास्टर घालून कसं उभं राहायचं? अंगाला प्लास्टर म्हणजे हाडाचा क्षय, हे तेव्हा शेंबडं पोरही सांगायचं. आमच्या मागच्या आळीत एका बाईला तसं जाकीट होतं. त्यांच्या घरी कोणी पाणी पीत नसे, आणि तिच्या बहिणीचं जमलेलं लग्न मोडलं ते मोडलंच. माझा क्षय नाही, गादी झिजली आहे, हे मी कोणाकोणाला समजावणार होते? मलाच ते नीट समजलं नव्हतं. हे म्हणाले, "लग्न होऊ दे, मग घालू प्लास्टर." मी हो म्हटलं. 

आता प्रश्न एकच उरला होता, कन्यादानाचा. त्याला नवरा-बायकोने जोडीने पाटावर बसायचं असतं, आणि ते काही पाच मिनिटांचं काम नसतं. आई-बापांना जमणारं नसेल तर चुलता-चुलती बसतात, त्यात धर्माची आडकाठी नाही. पण आई जिवंत, समोर दिसते आहे, आणि पाटावर बसली आहे चुलती, असं झालं की मांडवातलं प्रत्येक माणूस विचारणार, आईला काय झालंय? हे झालं लोकांचं. माझं स्वतःचंही होतं. मला एकच मुलगी. तिचा हात दुसऱ्याच्या हातात द्यायचा तर तो मी देणार होते. पाणी नाही, धुणं नाही, केर नाही. पण एवढं तरी माझ्या कमरेने मला करू द्यावं, असं मी देवाला म्हणायची. म्हणायची म्हणजे त्याच्याशी भांडायचीच.

मुलीने एक दिवस मला उठवता उठवता, हात काखेत असतानाच, म्हटलं, "आई, मी लग्न करत नाही."

"का?"

"तुला उठवणार कोण?"

मी तिला नाही नाही ते बोलले. तू काय माझी काठी म्हणून जन्माला आलीस का, म्हटलं. तिने मला नीट उभं केलं, पदर सारखा केला आणि चहा टाकायला निघून गेली. खरं सांगू? तिने ते म्हटल्याबरोबर मला आतून इतकं बरं वाटलं होतं, की त्याचीच मला भीती वाटली. त्या दिवसापासून ती मला उठवायला आली की आम्ही दोघी हवापाण्याच्या गप्पा मारायचो.

उरणकडची एक कोळीण आमच्याकडे मासे घेऊन यायची. डोक्यावर टोपली, पाठ ताठ, आणि ती टोपली ती स्वतःच उतरवायची, एका झटक्यात. मी फळीवर पडून तिच्या कमरेकडे बघत राहायची. तिनेच विषय काढला.

"काय वो बाय, अजून आडव्याच? मुंबयच्या डागदरनी काय केला?"

"सांभाळा म्हणाला."

"त्याला काय जातंय बोलाला!" ती म्हणाली. "मला नाय का उसन भरली व्हती शिमग्याला? बसली ती उठंना. तुमच्या थोरल्या बायनी पाय लावला, आनि मी टोपली घेऊन चालत गेली. घरात पायालू हाय आनि तुमी मुंबय करताव!"

जाऊबाई पायाळू होत्या. म्हणजे जन्मताना त्यांचे पाय आधी आले, डोकं मागून. अशा माणसाने पाठीला पाय लावला की उसण निघते, असं आमच्याकडे सगळे मानतात. दर महिन्याला दोघं-तिघं तरी, कण्हत, भिंतीला धरून, जाऊबाईंच्या दारात यायची आणि जाताना सरळ चालत जायची. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. इतके दिवस मीच टाळत होते. जाऊबाईंचा पाय लावून घ्यायचा म्हणजे त्यांचं आयुष्यभर ऐकून घेणं आलं, एवढ्याच कारणासाठी. पण लग्न दोन आठवड्यांवर आलं होतं, आणि मला पाटावर बसायचं होतं. मी मुलीला म्हटलं, "जा, काकूला बोलाव."

जाऊबाई आंघोळ करून, ओल्या केसांनीच आल्या. मला उंबरठ्यावर पालथं निजवलं, अर्धी आत, अर्धी बाहेर. पायाळू माणसाने पाय लावताना बोलायचं नसतं. जाऊबाई गप्प आहेत हे मी त्या दिवशी पहिल्यांदा अनुभवलं. एरवी त्या नुसता अंगठा टेकवायच्या, टाच जराशी फिरवायच्या, झालं. पण मी काही कोळीण नव्हते. मी त्यांची जाऊ होते, घरात लग्न होतं, आणि त्यांना मला बरं करायचंच होतं. त्यांनी दाराच्या चौकटीला धरलं आणि सगळा भार टाचेवर दिला.

मी ओरडले नाही. ओरडायला श्वास लागतो, तो नव्हताच. डाव्या पायात कमरेपासून अंगठ्यापर्यंत कोणीतरी तापलेली तार ओढत नेली, आणि मग पाऊल माझं राहिलंच नाही.

"सुटलं का गं?" जाऊबाईंनी विचारलं. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"सुटलं," मी म्हटलं.

मला उठवायला मुलगी आली तेव्हा तिला कळलं. माझा डावा पाय तिने उचलला, तर तो नुसता लोंबला. तिने काकूकडे पाहिलं. काकूने माझ्याकडे पाहिलं. त्या पायाचं नाव आजपर्यंत घरात कोणी काढलेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून जाऊबाई रोज दुपारी ओव्याची पुरचुंडी तव्यावर तापवून आणायच्या आणि तासभर माझी कंबर शेकत बसायच्या. त्यानंतर त्यांनी कोणालाही पाय लावला नाही. कण्हत आलेल्या माणसांना त्या दारातूनच परत पाठवायच्या, आता माझा गुण गेला म्हणून सांगायच्या. मला त्यांची दया यायची. त्या शेकत असतानाच यायची, आणि त्या उठून गेल्या की मी डोळे मिटून त्यांना शिव्या द्यायची.

त्यात एके सकाळी त्यांनी आपला ठेवणीतला शालू अंगणातल्या दोरीवर वाळत घातला. मला फळीवरून दिसेल असा. घरात लग्न असलं की ठेवणीतल्या साड्यांना ऊन दाखवतातच, हे मला कळत होतं. पण मुलगी नसलेल्या बाईला कन्यादानाचं पुण्य कुठून मिळणार, आणि ते असं आयतं चालून आलं तर ती कशाला नको म्हणेल, हेही माझ्या डोक्यात येत होतं. दिवसभर तो शालू वाऱ्यावर हलत होता. रात्रीच्या जेवणाच्या वेळी यांनी अगदी हळू आवाजात म्हटलं, "दादा-वहिनींना बसू दे का? तुला त्रास नको." मी हातातला तांब्या आपटला. आपटला म्हणजे काय, आपटायलाही जोर लागतो, मी तो नुसता सोडला. पाणी यांच्या ताटात गेलं. हे उठले, ताट घेऊन बाहेर गेले आणि तिथे उभ्याने जेवले.

मग मुलीनेच सूत्रं हातात घेतली. दुपारी सगळे झोपले की ती दार लावायची, पाट मांडायची आणि मला त्याच्यावर बसायला शिकवायची. बापाच्या जुन्या धोतराचा पट्टा करून तिने माझ्या कमरेभोवती इतका आवळला, की मला ढेकरसुद्धा देता येईना. डावा पाय हाताने उचलून मुडपायचा. उजव्यावर भार द्यायचा. एक हात यांच्या मांडीला टेकायचा, कोणाला दिसणार नाही असा. नवरीने रुखवत भरत बसायचं, हळद-मेंदीचं बघायचं, तर ही आईला पाटावर बसवत होती आणि उठवत होती. एकदा मला मधेच हसू आलं, तिलाही आलं, आणि हसता हसता मला अशी कळ आली की मी रडायला लागले. ती हसायची थांबली नाही. नंतर पाहिलं तर तीही हसत नव्हती.

बसणं जमलं. उठणं मात्र तिच्याशिवाय काही केल्या जमेना. "तेवढं बाबा करतील," ती म्हणायची. आम्हा दोघींनाही माहीत होतं की बाबांना ते जमत नाही.

लग्नाच्या दिवशी पट्ट्याने आवळलेली पाठ घेऊन मी मांडवात आले. पट्ट्यावर शालू, शालूवर शेला, वरून बघितलं तर चांगली भरलेली बाई दिसत होते. वरमाय म्हणाल्या, "तब्येत सुधारली हो तुमची!" मी मान डोलावली. मंगलाष्टकं चालू असताना वधूमायने तुळशीला पाणी घालत बसायचं असतं. मी उभ्याने घातलं, आणि घरातल्या कोणीही ते पाहिल्याचं दाखवलं नाही. मग गुरुजींनी हाक मारली. मुलगी मांडवात, तोंडावर मुंडावळ्या, आणि त्यातून तिचे डोळे माझ्या डाव्या पायावर. मी यांच्या खांद्याचा आधार घेतला आणि बसले. शिकवल्याप्रमाणे, अगदी नीट.

नवऱ्यामुलाच्या ओंजळीवर माझ्या मुलीची ओंजळ, खाली काशाचं भांडं, आणि यांच्या हातावरून पाण्याची धार. ती धार झारीतून मी धरायची, आणि ती मधे तुटता कामा नये. मी धरली. तुटू दिली नाही. पण एवढंच मला सांगता येतं. तिचा चेहरा त्या वेळी कसा होता, ती रडली का, तिच्या हातावर पाणी पडलं तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं का, मला काही म्हणजे काही आठवत नाही. मला आठवतो तो माझा डावा पाय आणि झारीचा दांडा. आयुष्यात एकदा येणाऱ्या त्या घटकेला मी माझ्या कमरेकडे लक्ष देत बसले होते. दुखण्याने माझं पुष्कळ काही नेलं, त्यातल्या कशाचा मला एवढा राग नाही जेवढा याचा आहे.

कन्यादान झालं. हे उठले आणि माझ्यासाठी हात पुढे केला. मला तो हात माहीत होता. मी म्हटलं, "मी बसते. होम बघते." गुरुजींनी भुवया उंचावल्या, पण वरमाय कौतुकाने म्हणाल्या, "बसू द्या हो, आईचा जीव आहे." तशी मी बसून राहिले. मंगळसूत्र झालं. मुलगी आणि जावई होमासमोर शेजारी बसले, तिच्या शेल्याची आणि त्याच्या उपरण्याची गाठ मारली गेली. धूर माझ्या डोळ्यांत जात होता, आणि मला तेवढं रडायला निमित्त झालं. कमरेखाली मला काही कळत नव्हतं. मी मनात म्हणत होते, सगळं उरकू दे, सगळे जेवायला जाऊ देत, मग बघता येईल.

पण लाजाहोमाची वेळ आली आणि गुरुजी म्हणाले, "वधूमाय, आता जरा मागे सरा. मुलीच्या भावाला इथे उभं राहायचंय." जाऊबाईंचा थोरला लाह्यांचं सूप घेऊन माझ्या मागेच थांबला होता. मी सरायला गेले. काहीच हललं नाही. पुन्हा जोर केला. पाटाची एक बाजू वाजली आणि मी तिथल्या तिथेच राहिले. मांडवातलं बोलणं कमी झालं, माना वळल्या.

मुलगी उठली. ती विचार करून उठली नाही, रोज सकाळी उठायची तशी उठली. अर्धी उभी झाली, दोन्ही हात माझ्या काखेत घालायला पुढे केले, आणि शेल्याची गाठ ताणली गेली. जावई एका हातावर कलंडले. "अगं अगं," कोणीतरी ओरडलं. वरमाय पुढे आल्या. "काय झालं? काय होतंय त्यांना?"

"काही नाही, मुंग्या आल्यात पायाला," मी म्हटलं. आणि मुलीला म्हटलं, "तू बस."

"आई—"

"तू बस म्हणते ना. तुला आता उठायचं नाही."

ती बसली. बसली, पण तिचे हात तसेच राहिले. जाऊबाई आल्या. त्यांनी मागून माझ्या काखेत हात घातले आणि आपल्या सगळ्या शक्तीनिशी मला वर ओढलं, अगदी मनापासून. आत काय झालं ते मला सांगता येणार नाही. मुलगी माझ्या तोंडाकडे बघत होती, एवढंच मला दिसत होतं. म्हणून मी हसले. वरमायही हसल्या, म्हणाल्या, "होतं असं, बसून बसून होतं."

जाऊबाई मला धरून आत नेत होत्या तेव्हा मी मान वळवून पाहिलं. तिचे हात अजून माझ्या दिशेने पुढेच होते. गुरुजींना वाटलं, मुलगी तयार आहे. त्यांनी तिचे तळवे एकमेकांना जोडून ओंजळ करून घेतली, आणि तिच्या भावाने तीत लाह्या घातल्या.